सुटे फोटो, जोडलेले गुन्हे

पालेर्मोजवळच्या झागारेल्ला या हॉटेलात १९७९ साली एका राजकीय समारंभात काढलेले दोन फोटो आहेत. फोटो म्हणून त्यांत बघण्यासारखं काही नाही. बडे पाहुणे आले आहेत, आसपास माणसांची दाटी आहे, यजमान पुढेपुढे करताहेत. आपल्याकडे कुठल्याही वर्तमानपत्राच्या कचेरीत असे फोटो रोज येतात आणि तसेच जातात. ज्या बाईंनी ते काढले त्यांनाही त्यांचा विसर पडला होता. पुढे १९९३ मध्ये माफियाविरोधी तपास करणाऱ्या पोलिसांनी त्यांच्याकडचा निगेटिव्हांचा साठा उपसला, तेव्हा ते हाती लागले. पाहुणे होते जुलिओ आंद्रेओत्ती, इटलीचं सरकार सात वेळा चालवलेला माणूस. यजमान होते नीनो साल्वो, सिसिलीत करवसुलीचं कंत्राट घेऊन गब्बर झालेले आणि माफियातले. आंद्रेओत्ती सांगत होते की साल्वो नावाच्या कुणाला आपण ओळखतच नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. १९९९ मध्ये आंद्रेओत्ती सुटले. २००३ मध्ये अपिलात न्यायालयाने म्हटलं की १९८० च्या वसंतापर्यंत त्यांचे माफियाशी संबंध होते हे सिद्ध होतं, पण त्या गुन्ह्याची मुदत टळून गेली आहे. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. शिक्षा झाली नाही, पण डागही पुसला गेला नाही. हे दोन फोटो काही एकटेच पुरावा नव्हते. तरीही एका शब्दाला खोटं पाडायला ते पुरेसे होते.

हे फोटो काढणाऱ्या लेतीत्सिया बात्ताल्या यांच्यावरचा ‘शूटिंग द माफिया’ हा माहितीपट बेंगळुरूतल्या मराठी प्रेक्षकांसमोर ठेवताना मी मुद्दाम या नीरस फोटोंपासून सुरुवात केली. कारण बाईंचं नाव ज्यांमुळे झालं ते फोटो वेगळे आहेत. रक्ताचं थारोळं, गाडीच्या सीटवर कललेलं डोकं, दाराशी उभ्या बायका. हे फोटो पाहून माणूस हादरतो आणि बाईंच्या धैर्याला नमस्कार करून घरी जातो. आपल्या वर्तमानपत्रांना तर अशा बाईला ‘रणरागिणी’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. पण खुनाच्या एका फोटोत संघटित गुन्हेगारी दिसत नाही. त्यात एक मेलेला माणूस दिसतो. ‘संघटित’ म्हणजे काय हे दिसायला फोटो एकाशेजारी एक ठेवावे लागतात, जपावे लागतात, आणि कोण कुणाशेजारी उभं होतं हे कुणीतरी वर्षांनंतर तपासावं लागतं. माहितीपट पाहताना हे ध्यानात ठेवलं तर तो बेंगळुरूच्या बराच जवळ येतो.

दिग्दर्शिका किम लॉन्जिनोटो आपल्याला परक्या नाहीत. बुंदेलखंडातल्या संपत पाल देवी आणि त्यांच्या गुलाबी गँगवर त्यांनी ‘पिंक सारीज’ केला, २०१० मध्ये. नंतर २०१३ मध्ये ‘सल्मा’. तमिळ कवयित्री सल्मा यांना वयात आल्यावर घरात कोंडून ठेवलं गेलं होतं आणि त्यांनी लपूनछपून कविता लिहिल्या, त्याची ती गोष्ट. बाईला घरात कोंडणं आणि तिने त्यातून वाट काढणं हा लॉन्जिनोटो यांचा जुना विषय आहे, आणि २०१९ मध्ये सन्डान्स महोत्सवात आलेल्या या ९४ मिनिटांच्या माहितीपटाची सुरुवातही तिथूनच होते. बात्ताल्या यांचा जन्म १९३५ चा. दहाएक वर्षांच्या असताना रस्त्यात एका पुरुषाने अश्लील प्रकार केला. वडिलांनी उपाय काय केला, तर मुलीचं बाहेर पडणं बंद. या जाचातून सुटायला सोळाव्या वर्षी लग्न, आणि लग्नानंतर नवऱ्याचा जाच. तीन मुली झाल्या. तिशी ओलांडल्यावर संसारातून बाहेर पडून १९७१ मध्ये मिलानला गेल्या आणि लेख लिहून पोट भरू लागल्या. लेखासोबत फोटो असेल तर लेख विकला जातो, म्हणून कॅमेरा घेतला. कलेची ओढ वगैरे काही नाही, सरळ पोटाचा प्रश्न. मला हा तपशील फार आवडतो. थोर कामाची सुरुवात थोर हेतूनेच झाली पाहिजे असा आपल्याकडे एक उगाच हट्ट असतो.

१९७४ मध्ये पालेर्मोला परत आल्या आणि ‘लोरा’ या दैनिकाच्या फोटो विभागाची जबाबदारी घेतली. सोबत फ्रांको झेक्किन, जोडीदार आणि सहकारी. ‘लोरा’ची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण माहितीपट त्याच्याजवळ फारसा थांबत नाही. १९०० साली निघालेलं हे दुपारचं वर्तमानपत्र, वळण डावं, खिसा रिकामा. माफियाचं नाव घेऊन लिहायची त्याची रीत जुनी होती. कोर्लेओनेचा गुंड लुच्यानो लिज्जो याच्यावर लेखमाला छापली म्हणून ऑक्टोबर १९५८ मध्ये त्याच्या छापखान्यात बॉम्ब फुटला. कोझिमो क्रिस्तिना १९६० मध्ये मृत सापडले. माउरो दे माउरो १९७० च्या सप्टेंबरमध्ये घराच्या दारातून उचलले गेले, ते पुन्हा कधी दिसले नाहीत. जोव्हान्नी स्पाम्पिनातो १९७२ मध्ये मारले गेले. तिघेही याच वर्तमानपत्राचे. म्हणजे बात्ताल्या स्कूटरवरून खुनाच्या जागी धावत होत्या तेव्हा त्यांच्या मागे एक कचेरी होती, आणि त्या कचेरीला मेलेल्यांची नावं पाठ होती. एकट्या बाईची लढाई म्हणून हा माहितीपट पाहिला तर हे सुटून जाईल.

त्यातला कोर्लेओनेचा प्रसंग मात्र नीट पाहा. माफियाच्या त्या गावात, भर चौकात, त्यांनी आणि झेक्किन यांनी मारल्या गेलेल्यांचे फोटो मांडले. लोक आले, त्यांनी पाहिलं, आणि काढता पाय घेतला. कुणाच्या तरी घरातला माणूस त्या फोटोत असणार आणि कुणाच्या तरी घरातला माणूस त्या फोटोमागे. वर्तमानपत्रात रोज सुटासुटा दिसणारा खून इथे बाकीच्या खुनांशेजारी उभा राहिला होता. लोकांना सहन झालं नाही ते बहुधा हेच. एकेक खून पचवायची गावाला सवय असते.

पिएरसांती मात्तारेल्ला यांच्या खुनाचा फोटो असाच. ६ जानेवारी १९८०. सिसिलीच्या प्रादेशिक सरकारचे प्रमुख, भर पालेर्मोत, गाडीत गोळ्या घातलेले. त्यांना गाडीतून बाहेर ओढणारा माणूस म्हणजे त्यांचा भाऊ सेर्जिओ. पस्तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, तो इटलीचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या फोटोचा अर्थ बदलला. बात्ताल्या यांना तो काढताना यातलं काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तिथे पोहोचून बटण दाबलं, एवढंच त्यांचं काम. पुढचं काम काळाने केलं, आणि निगेटिव्ह टाकून न देणाऱ्या कपाटाने.

आता बेंगळुरू. या शहराला गुंडांच्या टोळ्या नव्या नाहीत. जयराज, कोतवाल रामचंद्र ही नावं जुन्या बेंगळुरूकरांना आजही सांगावी लागत नाहीत. १९८० च्या दशकातल्या त्या दिवसांची कहाणी आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः एका माजी गुंडाच्या लेखणीतून. अग्नी श्रीधर यांनी ‘दादागिरिय दिनगळु’ लिहिलं, स्वतःचं साप्ताहिक चालवलं, २००७ मध्ये त्या कहाणीवर ‘आ दिनगळु’ हा कन्नड चित्रपटही आला. पुस्तक वाचनीय आहे, यात वाद नाही. पण ज्या शहराच्या गुन्हेगारीचा इतिहास त्यातल्याच माणसाच्या तोंडून येतो, त्या शहरात गुंडाला आपोआप नायकाची जागा मिळते. मुंबईनेही हिंदी सिनेमाच्या मदतीने हेच केलं. बात्ताल्या यांच्या फोटोंत नायक नाही. बेड्या घातलेल्या लेओलुका बागारेल्ला या माफिया गुंडाला पोलीस घेऊन चालले आहेत, चेहरा रागाने वाकडा झाला आहे, आणि पुढच्या क्षणी तो फोटो काढणाऱ्या बाईंना लाथ मारणार आहे. त्या मागे पडल्या, पण फोटो आला होता. हे दृश्य पाहून कुणाला बागारेल्ला व्हावंसं वाटणार नाही.

बेंगळुरूचं नाव या विषयाशी जोडलं जाण्याचं खरं कारण मात्र टोळ्या नाहीत. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री राजराजेश्वरीनगरात, स्वतःच्या घराच्या दारात, गौरी लंकेश यांना गोळ्या घालण्यात आल्या. गौरी फोटोग्राफर नव्हत्या. त्या संपादक होत्या. वडील पी. लंकेश यांनी १९८० मध्ये काढलेलं ‘लंकेश पत्रिके’ हे जाहिरात न घेणारं साप्ताहिक त्यांनी २००० पासून चालवलं, २००५ मध्ये भावाशी मतभेद झाल्यावर ‘गौरी लंकेश पत्रिके’ काढलं. पैसा नाही, जाहिरात नाही, बदनामीचे खटले भरपूर. ‘लोरा’च्या माणसांना ही कचेरी ओळखीची वाटली असती.

कॅमेरा त्या रात्रीही होता. घराच्या दारावर बसवलेला सीसीटीव्ही. त्यात काही सेकंदांचं अंधुक चित्रण आलं. डोक्यावर हेल्मेट घातलेला माणूस, चेहरा नाही. बात्ताल्या यांच्या फोटोंत चेहरे असतात, पण चेहऱ्यांमधला धागा दिसत नाही. इथे चेहराही नव्हता. विशेष तपास पथकाने मग चालण्याची लकब पकडली. पकडलेल्या संशयिताकडून तो प्रसंग पुन्हा करवून घेतला, आणि दोन्ही चित्रणांतली चाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून ताडून पाहिली. माणसाला लपवता येत नाही अशी एक गोष्ट त्या निर्जीव यंत्राने टिपून ठेवली होती.

पण गौरी यांचा खून ‘संघटित’ आहे हे त्या चित्रणातूनही कळत नव्हतं. त्यासाठी पुणे, कोल्हापूर आणि धारवाडचे खून शेजारी ठेवावे लागले. नरेंद्र दाभोलकर, २० ऑगस्ट २०१३, पुण्यातला पूल. गोविंद पानसरे, फेब्रुवारी २०१५, कोल्हापुरातला घराजवळचा रस्ता. कन्नड अभ्यासक एम. एम. कलबुर्गी, ३० ऑगस्ट २०१५, धारवाडमधलं स्वतःचं घर. कलबुर्गी आणि गौरी यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, असं तपास पथकाने सांगितलं. गोळीबाराचा सराव बेळगाव जिल्ह्यातल्या रानात झाला असंही. आरोपींत महाराष्ट्रातले लोक होते आणि सीमेवरच्या जिल्ह्यांतलेही. म्हणजे दोन राज्यांच्या पोलीस ठाण्यांत तीन वेगवेगळ्या फायली पडून होत्या, आणि त्या एका टेबलावर यायला चौथा माणूस मरावा लागला. मराठी वाचकाने बेंगळुरूच्या या खटल्याकडे परक्याची बातमी म्हणून पाहू नये, असं मला वाटतं ते यासाठी.

नोव्हेंबर २०१८ च्या आरोपपत्राची पानं नऊ हजारांवर गेली, आरोपी अठरा. आणि त्यावर ‘कोका’ लावला गेला, म्हणजे कर्नाटकाचा २००० सालचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा. आपण ज्याला ‘मोक्का’ म्हणतो त्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यावरूनच तो बेतला आहे. मोक्का आला मुंबईतल्या खंडणी आणि सुपारीच्या टोळ्यांसाठी. या कायद्याची अट मजेशीर आहे. एकच गुन्हा करून कुणी ‘संघटित’ ठरत नाही. मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात, तरच तो लागतो. म्हणजे कायदादेखील फोटो शेजारी शेजारी ठेवायलाच सांगतो.

इथे कविता लंकेश येतात. त्या गौरी यांच्या धाकट्या बहीण, आणि स्वतः चित्रपट दिग्दर्शक. एप्रिल २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका आरोपीवरचा कोका रद्द केला. त्याच्यावर याआधी गुन्हे नाहीत, मग त्याला संघटित गुन्हेगार कसं म्हणायचं, असा मुद्दा होता. कविता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथे हा निर्णय फिरवला गेला. कोका लावायला मंजुरी देताना टोळीने काय केलं ते पाहायचं, टोळीतल्या प्रत्येकाची जुनी कुंडली तपासत बसायचं नाही, असा त्याचा अर्थ. याच कविता लंकेश यांनी बहिणीवर ‘गौरी’ हा माहितीपट केला. संघटित गुन्हेगारीसमोर कॅमेरा घेऊन उभी राहिलेली बाई बेंगळुरूत शोधायची झाली तर ती ही. आणि तिच्या एका हातात कॅमेरा असला तर दुसऱ्या हातात वकीलपत्र होतं. पालेर्मोच्या बाईंनाही नुसत्या फोटोवर भागलं नव्हतं. त्या १९८५ पासून नगरपालिकेत होत्या, १९९१ मध्ये प्रादेशिक विधिमंडळात गेल्या, आणि लेओलुका ओर्लांदो महापौर असताना शहराच्या कचऱ्यापासून बागांपर्यंतची कामं अंगावर घेतली. (माहितीपटात हा भाग भराभर उरकला आहे. दिग्दर्शिकेला बाईंच्या प्रियकरांत अधिक रस आहे असं मधूनमधून वाटतं.)

या कायद्याबद्दल मी उत्साहाने लिहितो आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ११ जून २०११ रोजी पवईत ज्येष्ठ गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्या खटल्यात एका महिला पत्रकाराला अटक झाली, जिग्ना वोरा. लावला मोक्काच. महिनेच्या महिने त्या भायखळ्याच्या तुरुंगात होत्या. मे २०१८ मध्ये याच खटल्यात टोळीप्रमुख छोटा राजनला जन्मठेप झाली आणि वोरा निर्दोष सुटल्या. त्यांचं पुस्तक आलं, त्यावर २०२३ मध्ये ‘स्कूप’ ही मालिका आली, आणि आपण सगळे ती चवीने पाहून मोकळे झालो. गुन्हे एकमेकांना जोडण्याची ताकद ज्या कायद्यात आहे, त्याच ताकदीने तो भलत्याच माणसालाही टोळीला जोडू शकतो. फोटोच्या बाबतीतही हा धोका आहेच. कुणाशेजारी उभं असणं हा गुन्हा नव्हे. आंद्रेओत्ती सापडले ते उभे राहिले म्हणून नव्हे, ओळखत नाही म्हणाले म्हणून.

पालेर्मोत पुढे काय झालं ते माहितीपटात आहेच, मी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९८६ मध्ये तुरुंगाला लागून खास बांधलेल्या, तटबंदीच्या न्यायालयात शेकडो माफियांवर एकत्र खटला उभा राहिला. आरोपी पिंजऱ्यांत. जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो या तपास न्यायाधीशांनी वर्षानुवर्षं बँकांच्या पावत्या आणि जबान्या एकमेकांना जोडत तो उभा केला होता. डिसेंबर १९८७ मध्ये तीनशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. सूड १९९२ मध्ये आला. २३ मे रोजी कापाचीजवळ हमरस्त्याखाली स्फोट झाला आणि फाल्कोने गेले, त्यांची पत्नी गेली, तीन अंगरक्षक गेले. १९ जुलैला बोर्सेल्लिनो. या दोन्ही मृत्यूंचे फोटो बात्ताल्या यांनी काढले नाहीत. त्यांना ते जमलं नाही. त्यांच्या बोलण्यात न काढलेल्या फोटोंचा सल काढलेल्यांपेक्षा मोठा आहे. ‘लोरा’ही त्याच वर्षी बंद पडलं. नंतर अनेक वर्षांनी त्यांनी आपलेच जुने फोटो घेऊन त्यांवर दुसरी चित्रं चढवली. प्रेतासमोर एखादी उघडी बाई, एखादी मुलगी, फुलं. समीक्षकांनी त्यावर पुष्कळ विद्वत्ता खर्च केली आहे. मला ते फोटो फसलेले वाटतात, पण त्यांची गरज कळते. आयुष्यभर प्रेतं जपणाऱ्या माणसाला त्या कपाटाचा कधीतरी वीट येणारच.

माहितीपट आवडेल त्यांच्यासाठीही काही गोष्टी खटकणाऱ्या आहेत, त्या आधी सांगून ठेवतो. बाईंच्या तरुणपणाची चित्रं उपलब्ध नाहीत म्हणून दिग्दर्शिकेने जुन्या इटालियन चित्रपटांतले तुकडे वापरले आहेत. लग्न, रुसवे, खिडकीतली मुलगी. पहिल्यांदा गंमत वाटते, मग ज्या बाईने आयुष्यभर खरं तेच दाखवलं तिच्या कहाणीत हे उसने चेहरे कशाला, असं वाटू लागतं. काही खऱ्या फोटोंवर तर माहितीपट पुरेसा थांबतही नाही. चेंडू हातात धरून दाराला टेकलेली पालेर्मोची ती छोटी मुलगी, १९८० ची, तिच्याकडे दोन क्षण जास्त पाहायला मिळाले असते तर बरं झालं असतं. पण गुलाबी केसांच्या, सिगारेट ओढणाऱ्या, कॅमेऱ्यासमोर कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या ऐंशीपार बात्ताल्या पडद्यावर आल्या की या तक्रारी मागे पडतात. एप्रिल २०२२ मध्ये त्या गेल्या.

गौरी लंकेश खटल्याची सुनावणी त्याच वर्षीच्या जुलैत सुरू झाली. पुढे बहुतेक आरोपींना जामीन मिळाला. पुण्यात दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. एका खटल्यात गोळी झाडणारे सापडतात आणि त्यांना पाठवणारे सुटतात किंवा सापडतच नाहीत, हे पालेर्मोत अनेकदा झालं.

हा माहितीपट पाहून झाल्यावर कविता लंकेश यांचा ‘गौरी’ जरूर पाहा. दीपू यांचा ‘अवर गौरी’ही आहे. कन्नड न येणाऱ्यांसाठी चंदन गौडा यांनी संपादित केलेलं गौरी यांच्या लेखांचं इंग्रजी पुस्तक २०१७ मध्येच आलं, ‘द वे आय सी इट’. ‘शूटिंग द माफिया’चे संवाद बहुतांशी इटालियनमध्ये आहेत, उपशीर्षकं इंग्रजीत. प्रेतांची दृश्यं आहेत आणि ती झाकलेली नाहीत, तेव्हा लहान मुलांना सोबत आणू नये. कन्नड मित्रमैत्रिणींना जरूर आणावं. नंतरच्या चर्चेत मराठी माणसांनी एकमेकांना दाभोलकर-पानसरे सांगत बसण्यापेक्षा कलबुर्गी आणि गौरी यांच्याबद्दल त्यांच्याकडून ऐकणं जास्त उपयोगाचं ठरेल.